मठवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना आयुष्यात एकच बिअर आवडली आणि तीही ते आठवड्यातून एकदाच पीत, शनिवारी दुपारी चारला. इतर वारी कोणी कितीही आग्रह केला तरी हात जोडून पाणी मागत. शनिवारी मात्र जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचा पांढरा रुमाल पसरायचा, त्यावर गार पाण्याने विसळलेला जाड काचेचा ग्लास यायचा आणि डॉक्टर घरातला स्वेटर काढून, बाहेर जायचा शर्ट चढवून ताठ बसायचे. तपकिरी बाटलीचं झाकण उघडलं की थोडा वेळ काहीच करायचे नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लांबून आलीय. जरा टेकू दे तिला."

ही बिअर उत्तर ऑस्ट्रियातल्या डोंगरात एका जुन्या मठात तिथले संन्यासी स्वतः बनवत. म्हणून बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव पडलं होतं मठवाले डॉक्टर. नव्याने आलेल्यांचा त्यावरून हमखास घोटाळा व्हायचा. एकदा गणपतीत एका सॉफ्टवेअरवाल्याचे वडील पुण्याहून आले होते. त्यांनी हे नाव ऐकलं आणि वाकून डॉक्टरांच्या पायांना हात लावला.

"महाराज, आपला मठ कोणता?"

"ऑस्ट्रियात आहे," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडचं तीर्थ फार चांगलं असतं."

त्या गृहस्थांनी पुन्हा हात जोडले. काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, डॉक्टरांना दंडाला धरून प्रसादाच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि घरी जाताना रस्ताभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी मिरजेची. कंपनीने बर्मिंगहॅमला पाठवलं तेव्हा परवडेल अशी जागा मिळेना. तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी डॉक्टरांच्या घरातल्या वरच्या खोलीचं सुचवलं. त्यांची एकुलती एक मुलगी केतकीताई लग्न होऊन लंडनला, एजवेअरला राहत होती आणि तिची खोली रिकामी होती. दुसरीकडे सोय होईपर्यंत म्हणून मी गेले आणि पुढची चार वर्षं तिथेच राहिले.

पहिल्याच शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "बिअर पितेस का?"

मी संकोचाने नाही म्हटलं.

"नसशील पीत तर पिऊ नकोस. पण वास घे. वासाने कुणाचं काही बिघडत नाही."

मी ग्लास नाकाजवळ नेला. मला वाटलं होतं काहीतरी आंबूस, उग्र येईल. आला तो तव्यावर जरा जास्त भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा वास, आणि त्याच्यामागून काकवीसारखं काहीतरी. मी तसं बोलून दाखवलं तर डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी काकूंना हाक मारली. "ऐकलंस का? हिला भाकरी सापडली. चाळीस वर्षं इंग्रजांना समजावतोय, त्यांना टोस्टच्या पुढे जाता येत नाही."

डॉक्टर मूळचे बार्शीचे. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. पण समजावून सांगण्याची त्यांची रीत शेवटपर्यंत बार्शीची होती. बिअर म्हणजे काय, तर ते म्हणत, "आमची आई नाचणीला मोड आणायची, वाळवायची, भाजायची आणि त्याचं सत्त्व करायची. मठातल्या बाबांनी जवाला मोड आणले, वाळवले, भाजले. इथपर्यंत दोघं एकाच रस्त्याने आले. पुढे आई चुलीकडे वळली आणि बाबा तळघराकडे."

त्यांना हा मठ सापडला तो अपघातानेच. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. जुनी गाडी घेऊन दोघं युरोप बघायला निघाले आणि चेक सीमेजवळच्या जंगलात भर पावसात गाडी बंद पडली. जवळपास वस्ती म्हणजे तो मठच. पांढऱ्या झग्यातल्या एका तरुण संन्याशाने दार उघडलं, ओले कपडे वाळत घालायला दोरी दिली आणि जेवायला बसवलं. नेमकी त्या दिवशी संकष्टी. काकूंचा कडक उपास, आणि पावसात चंद्र दिसायचं नाव नाही. काकू पावाला हात लावेनात. डॉक्टरांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कारण सांगितलं तेव्हा तो संन्यासी हसला. ईस्टरच्या आधीचे दिवस होते, त्यांचेही उपासच चालले होते. त्याने दगडी मगात काळसर काहीतरी आणून काकूंपुढे ठेवलं आणि खुणेने सांगितलं, उपासाला हे चालतं. अन्न वर्ज्य, पण पेय वर्ज्य नाही. म्हणून उपासाच्या दिवसांसाठी त्यांच्या पूर्वजांनी जरा घट्ट, पोटाला आधार देईल अशी बिअर करायला सुरुवात केली होती, आणि शेकडो वर्षं ती तशीच होत आली होती.

"मला वाटलं काढा आहे," काकू म्हणायच्या. ही गोष्ट निघाली की त्या हातातलं काम सोडून तेवढं एक वाक्य सांगायला यायच्या.

"अख्खा मग प्याली," डॉक्टर पुढचं सांगायचे. "चंद्र न बघताच उपास सोडला. तारे मात्र सगळे बघितले."

मग ते काकूंच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे वळायचे. "तुझी खिचडी आणि त्यांची बिअर. देवाला फसवण्यात जगात सगळीकडे सारखीच अक्कल लागते." काकूंना ते आवडायचं नाही, पण प्रत्येक एकादशीला त्या खिचडीची वाटी पुढे करताना स्वतःच थोडं हसायच्या.

दार उघडणारा तो तरुण संन्यासी म्हणजे ब्रदर अँटोन. पुढे तोच मठाची बिअर बघू लागला आणि डॉक्टर दर वर्षी गाडी घेऊन त्याच्याकडे जाऊ लागले. येताना डिकीत क्रेट भरलेले असायचे. वर्षभराच्या शनिवारांची बेगमी. कोणी आलं आणि ग्लासात बर्फ मागितला की डॉक्टर त्याला नाही म्हणत नसत. बर्फ द्यायचे, पण त्याच्या ग्लासात फ्रिजमधली दुसरी कुठलीतरी बिअर ओतायचे. "त्याला थंड हवंय, थंड दिलं. बिअर हवी म्हणाला असता तर बिअर दिली असती."

मी तिथे राहायला आल्याच्या तिसऱ्या वर्षी मंडळाच्या गणपतीत डॉक्टर भाषणाला उभे राहिले आणि त्यांची जीभ अडखळली. 'सार्वजनिक' हा शब्द त्यांना नीट म्हणता येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग तो शब्द सोडून पुढे गेले. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी हलकेच म्हणालं, "आज मठात जरा जास्त वेळ झाला वाटतं." चार जण हसले. वार रविवार होता. मी मागे वळून तेवढंच सांगितलं, पण त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी काकू देवळात गेलेल्या असताना डॉक्टरांनी मला बाथरूमच्या दारातून हाक मारली. "अश्विनी, जरा तुझ्या फोनचा टॉर्च धर."

ते आरशासमोर उभे होते. मी उजेड धरला. त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ तोंडातच सैल ठेवली. ती वरून शांत होती, पण आतून सारखी थरथरत होती, जणू कातडीखाली मुंग्या फिरताहेत. डॉक्टर कितीतरी वेळ बघत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात बघितलेला माणूस, तसाच तटस्थ चेहरा.

"बंद कर," ते म्हणाले.

"काय आहे?"

"वाटलं होतं तेच आहे. मोटर न्यूरॉन. स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जातात. आधी बोलणं जातं, मग गिळणं."

"पण टेस्ट वगैरे केल्याशिवाय..."

"करतील ना. टेस्ट करतील, मग मला खुर्चीवर बसवून हळू आवाजात सांगतील. मीही तसंच सांगायचो." नॅपकिनला हात पुसत ते म्हणाले, "काकूंना तू सांगू नकोस. शनिवार होऊ दे, मी सांगतो."

शनिवारी चारला मी मुद्दाम वरच्या खोलीत थांबले. बऱ्याच वेळाने उतरले तेव्हा ग्लास रिकामा होता, आणि काकू टेबलावरच्या रुमालाच्या घड्या घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

डॉक्टरांना गिळता येतंय तोवर एकदा मठात जायचं होतं. आता त्यांना गाडी चालवणं जमणार नव्हतं, काकूंनी कधी चालवली नव्हती आणि केतकीताई शिकवायची त्या शाळेत परीक्षा होत्या. मी येते म्हणाले. पण त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि माझ्याकडे भारतीय. युरोपात जायला मला शेंगेन व्हिसा लागणार होता आणि त्याची अपॉइंटमेंटच मिळेना. मी ऑफिसमध्ये बसून दिवसातून कितीदा ती वेबसाइट उघडत होते, आणि घरी डॉक्टर आधी पोळीवरून भातावर आले, मग मऊ भातावरून पेजेवर. पाण्यात घालायची एक पावडर हॉस्पिटलने दिली. पातळ पाणी चुकून फुप्फुसात जातं म्हणून ते घट्ट करून प्यायचं. डॉक्टर एकदाही लवकर कर म्हणाले नाहीत. मी संध्याकाळी घरात शिरले की फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायचे.

व्हिसा आला तेव्हा वसंत ऋतू लागला होता. ऑस्ट्रियात लिंझच्या विमानतळावर उतरून मी भाड्याची गाडी घेतली. मठ मी इतक्या वेळा ऐकला होता की तो मोठा असेल असं धरून चालले होते. मोठा होताच, पण बहुतेक खिडक्या बंद होत्या. ब्रदर अँटोन आता म्हातारे झाले होते, काठी टेकत दारापर्यंत आले. डॉक्टरांचं बोलणं त्यांना कळेना, तेव्हा डॉक्टरांनी नुसता घशाला हात लावून दाखवला. ते दोघं बराच वेळ एकमेकांचे हात धरून दारातच उभे राहिले.

तळघरात खडकात कोरलेल्या खोलीत बसायला बाकं होती. अँटोननी दगडी मग स्वतः झऱ्याच्या पाण्याखाली विसळला आणि उपासाची काळी बिअर ओतली. काकूंनी पर्समधून पावडरचा डबा काढला. त्यांचा हात थांबला. "अहो, घालू ना?"

डॉक्टरांनी मान हलवली. पावडर पडली तसा फेस बसला आणि बिअरची पेज झाली. अँटोननी मान दुसरीकडे वळवली. डॉक्टर हनुवटी छातीशी टेकवून चमच्याने एकेक घोट घेत होते, प्रत्येक घोटानंतर थांबत होते. घाईने पिणाऱ्याला ते पूर्वी म्हणायचे, तू पीत नाहीस, नुसता गिळतोस. आता त्यांना गिळण्याखेरीज दुसरं काही बघता येत नव्हतं.

अँटोननी मला इंग्रजीत सांगितलं की मठ बंद होणार आहे. नवीन कोणी संन्यास घेत नाही, आणि राहिलेत ते सगळे एका टेबलाभोवती मावतात. म्हाताऱ्यांना दुसऱ्या मठात हलवतील. बिअर कदाचित एखादी कंपनी करेल, बाटलीवर मठाचं चित्र राहील. मग त्यांनी डॉक्टरांकडे बघून विचारलं, "यावर काही उपाय नाही?"

डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली. मग वर, मठाच्या दिशेने बोट दाखवून भुवया उंचावल्या. आणि यावर?

अँटोननीही तशीच मान हलवली.

परत आल्यावर उन्हाळ्यात त्यांच्या पोटात नळी बसवली. अन्न, पाणी, औषध सगळं नळीतून. तोंडाने काही नाही. बोलणं संपलं होतं, ते टॅबलेटवर टाइप करायचे, देवनागरीत, ऱ्हस्व-दीर्घासकट. पहिल्या शनिवारी चारला काकूंनी सवयीने रुमाल पसरला आणि मग तो उचलावा की राहू द्यावा हे त्यांना कळेना. डॉक्टरांनी टाइप केलं, 'अश्विनीला दे. मी बघतो.' मी प्याले. समोर बसून त्यांनी मला बघितलं. त्या दिवशी माझ्या तोंडाला कसलीच चव नव्हती, पण ग्लास अर्धा टाकवेना.

बोलण्या-गिळण्याचं बघायला घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टला ही सगळी कहाणी कळली तेव्हा तिने स्वतःहून सुचवलं की मऊ ब्रश बिअरमध्ये बुडवून, झटकून, जिभेवर फिरवायला हरकत नाही. धोका आहे, पण धोका त्यांच्या स्वतःच्या लाळेचाही आहे. ठरवायचं त्यांनी. डॉक्टरांनी टाइप केलं, 'ठरलं.'

त्या शनिवारी केतकीताई एजवेअरहून आली होती. काकूंनी ब्रश झटकला आणि डॉक्टरांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. क्षणभर सगळं नीट वाटलं. मग खोकला आला, आणि तो खोकला पुरा होईना. चेहरा काळानिळा झाला. केतकीताईने घशातलं ओढून काढणारं सक्शन मशीन लावलं, मी त्यांना पुढे वाकवून धरलं, काकू हातात ब्रश घेऊन तशाच उभ्या. पाचेक मिनिटं गेली असतील. श्वास परत लागला तेव्हा डॉक्टरांनी टॅबलेट मागितला.

'चांगली होती.'

केतकीताई बागेत निघून गेली. मी तिच्यामागे गेले. ती म्हणाली, "मी नाही बघू शकत हे. आय कान्ट. एवढा मोठा सर्जन, त्यांना रिस्क कळत नाही का?"

"कळते म्हणून तर," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी पुन्हा रुमालाकडे बोट दाखवलं. केतकीताईने फोनवर स्पष्ट सांगितलं, नाही द्यायचं. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"आई, प्लीज. बाबाला काही झालं तर?"

"केतकी, ते तुझे बाबा आहेत," काकू म्हणाल्या. "पण माझा नवरा आहे. आयुष्यभर त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही ग."

पुढचे सगळे शनिवार काकूंनी ब्रश फिरवला. कधी खोकला यायचा, कधी नाही. आला की मी धरायचे. तो जाईपर्यंत मी काय करत होते, तर वाट बघत होते. त्या काळात आम्हा सगळ्यांनाच दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शनिवारी दुपारी डॉक्टरांना दाढी करून हवी असायची आणि बाहेरचा शर्ट हवा असायचा. तो घालताना त्यांचा हात बाहीत सरळ जायचा नाही, मी बाही धरून ठेवायचे.

डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात चार दिवस काढले आणि एका मंगळवारी सकाळी, काकू त्यांच्या पायांना क्रीम चोळत असताना ते गेले. इथल्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्काराची तारीख मिळायला दोन आठवडे लागले. तोवर घरात लोक येत राहिले, बसत राहिले. गेल्या वर्षीच्या गणपतीत माझ्या मागच्या रांगेत बसलेले गृहस्थही आले आणि डॉक्टरांच्या मराठीची फार स्तुती करून गेले.

नव्या नोकरीमुळे मला लंडनला, हाउन्सलोला जावं लागलं. फेब्रुवारीत एका रविवारी मी काकूंना भेटायला गेले तेव्हा केतकीताईही आली होती. काकू आत फोडणी करत होत्या. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून केतकीताईने एकदम विचारलं, "तो बिअर दिला नसता तर बाबा अजून असले असते का?"

"हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले ना, लाळेनेसुद्धा होतं. कोणालाच सांगता येणार नाही."

"डॉक्टरला नाही विचारत मी. तुला विचारते. तू तिथे होतीस."

मी तिथे होते, पण त्याने मला जास्त काही कळलं होतं असं नाही. तेवढ्यात गॅस बंद झाल्याचा आवाज आला आणि काकू दारात आल्या. हात पदराला पुसत होत्या.

"मी दिली," त्या म्हणाल्या. "रोजची नळीही मीच लावली आणि शनिवारचा ब्रशही मीच फिरवला. त्यातल्या कशाने काय झालं ते मला माहीत नाही. पण विचारायचं तर मला विचार. तिला विचारू नकोस आणि स्वतःलाही नको."

त्या पुढे आल्या नाहीत, तिथेच चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. शेवटी केतकीताई उठली, आत गेली आणि कढईवरचं झाकण काढून आमटी ढवळू लागली. काकू तिच्याशेजारी जाऊन कोथिंबीर निवडू लागल्या. मला वाटलं, आपण इथून आता हळूच जावं. पण मी जेवूनच निघाले.

परतीच्या ट्रेनमध्ये जागा मिळाली. केतकीताईच्या प्रश्नावर डॉक्टर काय म्हणाले असते, याचा मी लंडन येईपर्यंत विचार करत होते. त्यांची कितीतरी वाक्यं मला पाठ आहेत, कुठल्या प्रसंगाला काय म्हणतील हे मी आधीच ओळखायचे आणि काकू हसायच्या. पण यावर त्यांनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं.